दगडाचं विरजण

मंगळवारी सकाळी कामावर निघण्याआधी परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेतलं, तपासणीच्या बाटलीतले पाच थेंब टाकले, झाकण लावून नळी हलवली, आणि पाणी जांभळं झालं. निळं नाही, निळसर नाही, सरळ जांभळं. मी टाळी वाजवली. एकट्यानेच, बनियनवर, बाहेरच्या खोलीत त्या चार फुटी काचेच्या टाकीसमोर उभं राहून. टाळीचा आवाज मलाच मोठा वाटला. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "विष झालं." ती म्हणाली, "अभिनंदन. चहा निवतोय." पण मला चहा सुचत नव्हता. मी नळी खिडकीच्या उजेडात धरली, दिव्याखाली धरली, मागे पांढरा कागद धरून पाहिली. तिन्हीकडे जांभळी. माझं वय त्रेपन्न आहे, आणि इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवायला लागलो तर आठवेना. म्हणून आठवणं सोडून दिलं आणि पुन्हा एकदा नळीकडे पाहिलं.

खुलासा करायला हवा, नाहीतर वाटायचं माणूस फिरला. घरात समुद्राची टाकी करायची तर नुसतं मीठ कालवून मासा सोडता येत नाही. मासा आला की घाण आली, आणि घाणीचा होतो अमोनिया, म्हणजे पहिलं विष. त्यावर जगणारे जंतू असतात. ते अमोनिया खातात आणि त्याच्या जागी दुसरं विष ठेवतात, ते हे जांभळं. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात, ते हे दुसरं विष खातात, आणि शेवटी उरतं ते माशाला सोसतं. दोन्ही जाती दगडांत, वाळूत, गाळणीत नांदायला लागल्या की पाणी मुरलं म्हणायचं. तोवर माशाचं नाव काढायचं नाही. मंगळवारी कळलं ते एवढंच, की पहिली जात नांदायला आली. दुसरी यायला हवी होती रविवारच्या आत, म्हणजे या रविवारच्या नव्हे, त्याच्या पुढच्या. हातात बारा दिवस होते. आणि त्या रविवारी माझी लेक तीन वर्षांनी माझ्या घराची पायरी चढणार होती.

मी डायलिसिसचा तंत्रज्ञ. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त यंत्रातून गाळून त्यांना परत द्यायचं, एकेकाला चार तास, आठवड्यातून तीनदा. सव्वीस वर्षं हेच काम. एका माणसाच्या एका बैठकीला शंभराच्या वर लिटर पाणी लागतं आणि त्या पाण्यात काहीच असून चालत नाही. क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात, जंतूंचा अंश राहिला तर माणूस खुर्चीतल्या खुर्चीत थंडीने कापायला लागतो. त्यामुळे रोज सकाळी पहिली खुर्ची लागण्याआधी मी पाणी तपासतो, आणि नळीत नखभर रंग आला तरी मी खुर्ची लावू देत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा, एकदाच, उशीर झाला म्हणून मी वहीत 'तपासलं' असं लिहिलं आणि तपासलं नव्हतं. त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना हुडहुडी भरली. चार ब्लँकेटं घातली तरी दात वाजायचे थांबेनात. माझा हात धरून त्या म्हणत होत्या, "भाऊ, खिडकी लावा ना." खिडकी लावलेलीच होती. त्या वाचल्या. मला कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही कळलंच नाही. त्या दिवसापासून मी हात धुतो.

हात धुतो म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. भाजी तीन पाण्यांनी. नाणी साबणाने. दाराच्या कड्या दिवसातून दोनदा. दाराशीच फळीवर जंतुनाशकाची बाटली, आणि येणाऱ्याने आधी ती दाबायची, मग नमस्कार. माणसं हसायची, मीही हसायचो, पण बाटली दाबल्याशिवाय कुणाला आत घेत नव्हतो. लेकीची मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा ती बाळाला घेऊन महिनाभर राहायला म्हणून आली. मी खेळणी उकळली. खुळखुळा वितळला. आठव्या दिवशी विहीणबाई नात बघायला आल्या, त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्या खोकल्या. एकदाच खोकल्या, म्हाताऱ्या माणसाला येतो तसा कोरडा खोकला. मी पुढे होऊन त्यांच्या मांडीवरून बाळ उचललं. त्या आपल्या रिकाम्या मांडीकडे बघत बसल्या. संध्याकाळी लेकीने बॅग भरली. जाताना ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या घरात काही उगवणार नाही." त्यानंतर आम्ही बागेत भेटायचो, कुणाकुणाच्या घरी भेटायचो, फोनवर एकमेकांची तोंडं बघायचो. ती माझ्याशी भांडली नाही, मला पाण्यात पाहिलं नाही. फक्त घरी आली नाही.

नातीला आम्ही गुंडी म्हणतो, कारण जन्मली तेव्हा तिचं नाक सदऱ्याच्या गुंडीएवढं होतं. आता ती साडेतीन वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी फोनच्या पडद्यावर येऊन तिने मला तिच्या घरातली एकेक वस्तू दाखवली. आमच्याकडे मांजर आहे, आमच्याकडे तुटलेली बस आहे, आमच्याकडे भिंतीवर मी काढलेला हत्ती आहे. मग विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे काय आहे?" मी खोलीभर नजर फिरवली. सोफा होता, स्वच्छ. टेबल होतं, स्वच्छ. भिंत इतकी स्वच्छ होती की तिच्यावर नजर ठरेना. पोर वाट बघत होती, तिच्या मागे लेकीचा खांदा दिसत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे मासा आहे." गुंडीने श्वास आत घेतला. "केवढा?" मी बोटांनी दाखवला. "कुठल्या रंगाचा?" मी म्हणालो, "ये आणि बघ." लेकीचा खांदा हलला नाही. मग लेक म्हणाली, "दीड महिन्याने या बाजूला यायचंय. तेव्हा बघू." फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. "खोटं बोलायला पन्नाशी उलटल्यावर शिकलात," ती म्हणाली. मी म्हणालो, "खोटं कशाला? दीड महिना आहे."

तहान लागल्यावर विहीर खणतात तसं माझं सुरू झालं, पण काय मजा आली म्हणून सांगू. टाकी आली, लोखंडी घोडी आली. घोडीच्या चारी पायांखाली पातळ पाचरी सारून पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आणायला मला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मी शीळ घालत होतो. खाली दुसरी टाकी, तिचे तीन कप्पे. वरचं पाणी नळीने पहिल्या कप्प्यात उतरणार, तिथे कापडी मोज्यात गाळ अडणार. दुसऱ्यात फेस काढणारं नळकांडं, म्हणजे बारीक बुडबुड्यांना चिकटून मळ वर चढतो आणि वरच्या पेल्यात साठतो. तिसऱ्यात पंप, गाळलेलं पाणी पुन्हा वर. रोज जे माणसांसाठी जोडतो तेच मी माशासाठी जोडत होतो, आणि माशाचा अजून पत्ता नव्हता. बायको येताजाता म्हणे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पिंपात शुद्ध पाणी घेऊन मीठ कालवलं. रक्ताचा खारटपणा हजारात नऊ, समुद्राचा पस्तीस. मोजायच्या यंत्राचा काटा नऊवरून पुढे सरकला तेव्हा उगीचच वाटलं की मी आता कामाची हद्द ओलांडून बाहेर पडलोय. पंप सुरू केला आणि टाकीच्या काचेवर तळवा ठेवला. आत बारीक थरथर लागली. आमच्या पेशंटांच्या दंडात शीर आणि धमनी जोडलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की अशीच थरथर लागते, आणि ती लागली की आज काम होणार हे कळतं. मी तळवा बराच वेळ तसाच ठेवला होता.

चार नंबरच्या खुर्चीवर एक घड्याळजी बसतात. बारा वर्षांपासून बसतात, म्हणजे मी त्यांना त्यांच्या जावयापेक्षा जास्त ओळखतो. मला ते 'गाळणीवाले' म्हणतात. त्यांच्या घरी वीस वर्षांची समुद्राची टाकी आहे, हे मला माहीत होतं पण कधी ऐकावंसं वाटलं नव्हतं. आता मी हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. त्यांनी तऱ्हेतऱ्हेचं शिकवलं. अमोनिया यावा म्हणून टाकीत कोळंबीचा तुकडा सडू द्या, म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारला. धारेखाली भेंडी तीनदा धुणारा माणूस बैठकीच्या खोलीत कोळंबी सडवत होता. आणि एका सोमवारी घड्याळजींनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक दगड आणला, दोन मुठींएवढा, भोकाभोकांचा, त्यांच्या टाकीतला. "जिवंत आहे," एवढंच बोलले. घरी उघडला तर त्यावर हिरवं-तपकिरी शेवाळ, एका भोकातून डोकावणारी अळी, आणि नखाएवढी एक पाच पायांची चांदणी, पाय हलवत कोपऱ्यात सरकणारी. बायको म्हणाली, "बघा तरी, काय गोड आहे." मी पाहिलं. आणि मग जे चोवीस वर्षं करत आलो तेच केलं.

दोन आठवडे काही झालं नाही. अमोनियाची नळी रोज हिरवीगार, दुसऱ्या विषाची नळी रोज फिकट निळी, म्हणजे कोळंबी सडत होती आणि तिचं विष खायला कुणीही येत नव्हतं. पाणी कसं, आरशासारखं. त्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. घड्याळजींनी विचारलं, "काय गाळणीवाले, पाणी कुठवर आलं?" "जैसे थे," मी म्हणालो. "दोन आठवडे? दगड ठेवलात कसा?" "धुऊन." "धुऊन म्हणजे, खाऱ्या पाण्यात हलवून ना?" मी म्हणालो, "आधी ब्लीचमध्ये बारा तास. मग साध्या पाण्यात तीनदा. मग पट्टीने तपासला. ब्लीचचा मागमूस नाही." हे मी अभिमानाने सांगितलं, इतक्या अभिमानाने की आजही आठवलं की कान तापतात. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. हसता हसता सुया लावलेला हात हलला, यंत्र कोकलायला लागलं, सिस्टर धावत आली, मी बटण दाबून आवाज बंद केला, आणि त्यांचं हसणं चालूच. डोळे पुसत म्हणाले, "अहो, मी तुम्हाला विरजण दिलं होतं. तुम्ही विरजणाची वाटी घासूनपुसून फळीवर ठेवलीत, आणि आता दही का लागत नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघताय." मीही हसलो. पण घरी जाताना ती नखाएवढी चांदणी डोळ्यांपुढून हलेना. ब्लीचच्या बादलीत ती सगळ्यांत शेवटी थांबली होती. मी ते पाहिलं होतं आणि तेव्हा मला फक्त बरं वाटलं होतं. आता लाज वाटली, अशी की बसमध्ये मी मान वर केली नाही.

विरजण मागायला लाजू नये म्हणतात, पण एकदा मिळालेलं नासवून दुसऱ्यांदा मागायला लाजच वाटते. त्या बुधवारी त्यांची बैठक संपवून मी त्यांच्याबरोबरच त्यांच्या घरी गेलो. घड्याळजींच्या घरात एकही घड्याळ चालू नव्हतं. "घरी कशाला काम आणायचं," म्हणाले. त्यांच्या टाकीच्या तीन काचा शेवाळाने भरल्या होत्या, फक्त समोरची पुसलेली. बादल्या उचलायचं बळ आता हातांत नाही, म्हणून बाकीच्या तिन्हींवर त्यांनी पाणी सोडलं होतं. आणि आत काय चाललं होतं ते मी कसं सांगू. दगडांवर दगड, त्यांवर काहीतरी उघडतंय, मिटतंय, सरपटतंय, मधूनच एक पिवळा मासा येऊन आमच्याकडे बघून जातोय. मी खिशातून हातमोजे काढले. "मोजे नकोत," घड्याळजी म्हणाले, "हात घाला." मी शर्टाची बाही दंडापर्यंत सारली आणि त्यांच्या गाळणीच्या कप्प्यात उघडा हात घातला. पाणी कोमट होतं. तळाशी जाड स्पंज होता, बुळबुळीत, तपकिरी, ओल्या मातीचा वास येणारा. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, खरं सांगतो, मला हसू यायला लागलं. लहानपणी कुणी 'जाऊ नको' म्हटलेल्या डबक्यात पाय घातल्यावर येतं तसं. "वाटेत पिळू नका, धुऊ नका," घड्याळजींनी बजावलं, "आणि कृपा करून त्याच्याकडे बघून हळहळू नका." मी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. डब्याचा कोमटपणा पँटमधून लागत होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "जेवण का?" मी म्हणालो, "विरजण."

घरी येऊन तो स्पंज मी माझ्या आरशासारख्या पाण्यात पिळला. टाकी एका क्षणात तपकिरी झाली. पांढरा दगड दिसेनासा झाला, कॅलेंडर दिसेनासं झालं. मी खुर्चीत बसलो. बायको येऊन उभी राहिली. "वास येतोय," म्हणाली. "हो." "येऊ दे," ती म्हणाली आणि खिडकीसुद्धा न उघडता परत गेली. त्यानंतर सहाव्या दिवशी तो मंगळवार आला, आणि नळी जांभळी झाली, आणि मी टाळी वाजवली.

बारा दिवस मी कसा वागत होतो ते मला नंतर बायकोकडून कळलं. म्हणे मी झोपेत आकडे बोलायचो. कामावर पेशंटांना आपणहून विनोद सांगायचो, आणि ते विनोद जुने होते. घरी आलो की बूट न काढता टाकीकडे. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणायची. मी म्हणायचो, "मुरू दे, त्यासाठीच चाललंय सगळं." कोळंबी विरून गेली होती. अमोनिया मी आता बाटलीतून मोजून द्यायचो, जंतूंना रोजचं जेवण म्हणून. शुक्रवारी त्याची नळी पिवळी झाली, म्हणजे पहिलं विष दिलं तसं संपायला लागलं. पांढऱ्या दगडावर तपकिरी साय धरली, आणि मी बोटाने ती पुसायला गेलो आणि हात मागे घेतला. जांभळं मात्र हलेना. सोमवारी जांभळं, मंगळवारी जांभळं, बुधवारी आणखी गडद. देव पाण्यात घालून बसतात म्हणतात, इथे नुसतं पाणीच घेऊन बसलो होतो. गुरुवारी लेकीचा फोन आला. "रविवारी चार वाजता येतो. सहाला हे न्यायला येतील. मासा आहे ना नक्की? ती रोज उठून विचारते." मी म्हणालो, "आहे." दुसऱ्यांदा.

मासे विकणाऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे मी आठवडाभर आधी जोडी ठरवून ठेवली होती. गोबी नावाचा बोटभर मासा, पिवळसर, डोळे डोक्यावर, आणि त्याच्याबरोबर एक कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर वाळूत बीळ खणते, खडे उचलून बाहेर टाकते, आणि मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. बाहेर आली की तिची एक लांब मिशी सतत माशाच्या शेपटीवर टेकलेली असते. शेपटी थरथरली की कोळंबी आत. मी त्या दुकानात तासभर उभा होतो. सव्वीस वर्षं दंडावर बोट ठेवून थरथर बघणाऱ्या माणसाला याहून जास्त काय दाखवायचं? गुरुवारी दुकानदार म्हणाला, "न्या हो आजच. दोन-चार दिवस जरा वाईट पाण्यात काढतात मासे, मरत नाहीत." मला मोह झाला. नाही कसं म्हणू, जोरात झाला. पण विष अंगात साठलेला जीव कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. एखादी बैठक चुकवून आलेली माझी माणसं मी बघतो, सुजलेले चेहरे, खाजवून लाल झालेले हात, बोलताना लागणारा दम. मी रिकाम्या हाताने परत आलो आणि बायकोला सांगितलं, शनिवारी नळी निळी झाली नाही तर गुंडीला खरं सांगायचं, मासा नाही, आजोबा खोटं बोलले. बायको म्हणाली, "आणि तिच्या आईला?" तिच्या आईला सांगायची गरज नव्हती, ते तिने तीन वर्षांपूर्वीच मला सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी पाच थेंब टाकले आणि नळी हलवून डोळे मिटले. उघडले तेव्हा नळी निळी होती. आभाळी निळी, पहिल्या दोन आठवड्यांत रोज होती तशीच. तेव्हा तो रंग बघून मी खचत होतो आणि आता तोच रंग बघून बायकोला हाका मारत होतो. निम्म्याहून जास्त पाणी बदललं, मीठ जुळवलं, दहा वाजता दुकान उघडायच्या आधी दुकानाच्या पायरीवर. दुपारी पिशवीतलं पाणी छोट्या बादलीत ओतलं आणि सलाइनची नळी लावून टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं, मिनिटाला साठ. थेंब मोजणं हे माझं आयुष्य आहे, पण या वेळी दोनदा मोजून पाहिले. दीड तासाने जोडी टाकीत सोडली. मासा एकदा वळला, कोळंबीने नांगीची एक टिचकी वाजवली, काचेबाहेरही ऐकू आली अशी, आणि दोघं त्या धुतलेल्या दगडाखाली गेले. गेले ते गेलेच. संध्याकाळी दिसले नाहीत. रविवारी सकाळी दिसले नाहीत. नव्या घरात हा मासा दोन-दोन दिवस बाहेर येत नाही, हे मी वाचलं होतं आणि आनंदाच्या भरात विसरलो होतो.

चार वाजता बेल वाजली. दार उघडलं, आणि लेकीची नजर आधी गेली ती फळीवरच्या बाटलीकडे. ती काढायची राहून गेली होती. जुना कायदा पाळल्यासारखी तिने बाटली दाबली, हात चोळले, मग गुंडीच्या बाह्या वर केल्या आणि तिला बेसिनकडे नेलं. गुंडीने साबणाकडे हात केला. "साबण नको," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठा निघाला. तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. "टाकीत हात घालायचाय ना तिला? साबणाने मासा मरतो. नुसतं पाणी पुरे." लेक नळाच्या तोटीवर हात ठेवून तशीच उभी. "आणि पाय?" तिने विचारलं, "वाटेत वाळूच्या ढिगावर चढली होती." मी म्हणालो, "पाय कुठे घालायचेत टाकीत?" बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. गुंडी वाळूच्या पायांनी खोलीभर उमटत गेली. मी तिला स्टुलावर उभं केलं, तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पंपाच्या धारेत धरला. "गुदगुल्या होतात," म्हणाली. मग काचेला नाक लावून बराच वेळ शोधून शेवटी वळली. "मासा कुठाय?" "दगडाखाली." "का?" "नवीन घर आहे, लाजतोय." "खरंच आहे का?" मी म्हणालो, "खरंच आहे." ही तिसरी वेळ, पण या वेळी छातीवर हात ठेवून सांगण्यासारखी.

आम्ही वाट बघत बसलो. टाकीसमोर जमिनीवर, कारण सोफ्यावरून बिळाचं तोंड दिसत नाही. गुंडी पाच मिनिटं शहाण्यासारखी बसली, मग लोळली, मग माझ्या पावलावर डोकं ठेवून झोपून गेली. बायकोने दोनदा चहा दिला. वाट बघणाऱ्या माणसांना काहीतरी बोलावं लागतं, आणि एकमेकांकडे न बघता समोर काचेकडे बघत बोलता येतं हे मला नवीन कळलं. मी दगड धुतल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा लेक आवाज न करता खांदे हलवून हसली. मग, का ते ठाऊक नाही, मी शिवणकामवाल्या बाईंचं सांगितलं. वहीत काय लिहिलं ते, चार ब्लँकेटं, बंद खिडकी. चोवीस वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. लेक म्हणाली, "आईला माहितीये?" "नाही." "मला का नाही सांगितलंत तेव्हा?" मी म्हणालो, "लाज वाटली." ती गुंडीच्या तळव्याची वाळू नखाने काढत होती आणि काढलेली वाळू फरशीवरच पडत होती. "त्यांना एकदा फोन करा," थोड्या वेळाने ती म्हणाली. त्या म्हणजे तिच्या सासूबाई. मी म्हणालो, "करतो." मला करायचाच होता, तीन वर्षं करायचाच होता.

सहाला पाच कमी असताना दगडाखालची वाळू हलली. आधी एक खडा बाहेर आला, ढकललेला. मग डोक्यावरचे दोन डोळे. मग हळूहळू बोटभर पिवळा मासा, बिळाच्या तोंडाशी येऊन पोटावर टेकला, आणि त्याच्या मागून एक लांब मिशी येऊन त्याच्या शेपटीवर बसली. गुंडी माझ्या पावलावर अजून झोपलेलीच होती. मी श्वास धरून बघत राहिलो. जिवंत होता, माझ्या पाण्यात, माझ्या घरात. नेमका तेव्हा लेकीचा फोन वाजला, जावयांचा. "हो, खाली आलास का? एक मिनिट," ती म्हणाली आणि फोन छातीशी धरून मला विचारलं, "बाबा, आला का मासा?" तिचं तोंड काचेकडेच होतं. मी म्हणालो, "नाही. अजून नाही." ती फोन कानाला लावून म्हणाली, "नाही आला म्हणतायत. वेळ लागेल असं दिसतंय. तू वरच ये, आणि जेवूनच जाऊ." तिने फोन खाली ठेवला, गुडघे पोटाशी घेतले आणि काचेजवळ आणखी थोडी सरकून बसली, माशाच्या अगदी समोर.